गप्प बसण्यासाठी बनवलेला

“बाबा, ते सॉफ्टवेअर विकतचं होतं की चोरीचं?”

मित्रांनो, हा प्रश्न आज दुपारी या घरातल्या मुलीने विचारला. तिच्या मैत्रिणींनी पैज लावली होती म्हणून विचारला, नाहीतर तिची जीभ रेटली नसती. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आई हात पुसत दारात येऊन उभी राहिली.

उत्तर मला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पण मी सांगणार कसा? मी त्याच खोलीत टेबलाखाली बसलेला काळा कॉम्प्युटर आहे आणि मला मुद्दाम मुका बनवलंय. ही गंमत नाही. ऐका.

मी एखाद्या कारखान्यातून आयता खोक्यात बसून आलेलो नाही. माझा एकेक भाग निवडून आणला आणि मला याच खोलीत चटईवर जोडलं. कारण बाबांचा धंदा होता आवाजाचा. फोन लावल्यावर “कृपया प्रतीक्षा करा, आपण रांगेत आहात,” असं म्हणून जो माणूस आपल्याला ताटकळत ठेवतो ना, तो माणूस म्हणजे बाबा. लिफ्टमध्ये “दरवाजा बंद होत आहे” म्हणणारेही तेच. आख्खं गाव त्यांच्यावर वैतागायचं आणि त्यांचा चेहरा कुणालाच माहीत नव्हता. मुलगी एकदा शाळेतून आली ती कमरेवर हात ठेवूनच उभी राहिली. “बाबा, आज तुम्ही आमच्या बाईंना फोनवर इतकं थांबवलंत, की त्यांनी तुम्हाला मूर्ख म्हटलं!”

“मग तू काय म्हणालीस?”

“मी म्हटलं, बाई, ते घरी पण असंच करतात.”

या मुलीचा आवाज असा, की बाबांनी तिचं नावच भोंगा ठेवलं होतं. भिंतींना गाद्या लावलेल्या या खोलीत बाबा रेकॉर्डिंगला बसले, की बाहेर आईचं एकच काम. “श्श! भोंगा, हळू!” दाराची कडी हळू, भांडं हळू, हसायचं तेही हळू. तिचं बालपण त्या “श्श”मध्ये गेलं, असं म्हटलं तरी चालेल.

अशा घराला कॉम्प्युटर कसा हवा? आवाज न करणारा. बाबा तिला घेऊन सुट्या भागांच्या दुकानात गेले तेव्हा दुकानदाराने आधी काचेचं कॅबिनेट पुढे केलं.

“साहेब, हे बघा. आत सात रंगांचे दिवे लागतात. पोरगी खूश होईल.”

पोरगी आधीच खूश झाली होती. “बाबा, घेऊ या ना! घरात डिस्को!”

“दिव्यांना आवाज असतो का?” बाबांनी विचारलं.

“दिव्यांना कुठला आवाज? फक्त हे पुढचे तीन पंखे...”

“मग नको.”

असं प्रत्येक भागाचं झालं. सगळ्यात वेगवान प्रोसेसर नको, तो तापतो, तापला की पंखा धावतो. थोडा मंद चालेल, पण थंड डोक्याचा हवा. त्याच्यावर धातूच्या पात्यांचा असा ढीग बसवला, की उष्णता गुपचूप निघून जावी. खेळांसाठीचं ग्राफिक्स कार्ड नकोच. फिरणारी डिस्क कुरकुरते, म्हणून न फिरणारी. पॉवर सप्लाय म्हणजे मला वीज पुरवणारा डबा. तो कुणाला दिसत नाही, म्हणून लोक नेमकी तिथेच काटकसर करतात. बाबांनी मात्र दुकानातले सगळे डबे एकेक करून चालू करायला लावले आणि प्रत्येकाला कान लावला. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. “साहेब, कॉम्प्युटर घेताय की कलिंगड?”

शेवटी तो म्हणाला, “एक बाहेरची डिस्क पण घ्या. कामाची दुसरी प्रत वेगळी असलेली बरी.”

“बाहेरची टेबलावर ठेवली की तिची थरथर माइकमध्ये येते,” बाबा म्हणाले. “दुसरी पण आतच बसवा.”

मित्रांनो, हे वाक्य लक्षात ठेवा. ते मी रोज आठवतो.

त्या संध्याकाळी चटईवर माझा जन्म झाला. प्रोसेसर खाचेत बसवताना भोंग्याने श्वास रोखून धरला होता. त्याच्यावर टूथपेस्टसारखी पेस्ट लावताना ती म्हणाली, “बाबा, दात घासतोय का आपण त्याचे?” मग बटण दाबलं. काहीच ऐकू आलं नाही.

“मेला का काय?” तिने विचारलं.

तेवढ्यात पडदा उजळला. बाबांनी खाली वाकून माझ्या अंगाला कान लावला आणि लहान मुलासारखे हसले. “शाबास! असाच गप्प राहा.” मला मिळालेलं पहिलं कौतुक ते. मी शब्द पाळला. नको इतका पाळला.

मग आली सॉफ्टवेअर चढवायची आणि त्याच्या परवान्याची वेळ. तुम्ही सगळे ‘मी सहमत आहे’वर बोट मारून मोकळे होता. बाबांनी तो परवाना मोठ्याने वाचून दाखवला, तोही त्यांच्या धंद्याच्या आवाजात. “ही प्रणाली केवळ एका यंत्रावर... वापरण्याची परवानगी... आपणांस देण्यात येत आहे.” भोंगा चटईवर लोळून हसत होती. “बाबा, आता म्हणा, दरवाजा बंद होत आहे!” पण वाचून झाल्यावर बाबा गंभीर झाले. एका दुकानाने त्यांचा आवाज न विचारता जाहिरातीत घातला होता आणि त्यासाठी ते खूप भांडले होते. ते म्हणाले, “माझा आवाज कुणी फुकट उचलला की मी चिडतो ना? हे पण कुणीतरी बसून लिहिलंय. आपण विकत घेतो म्हणजे वस्तू नाही घेत, वापरायची परवानगी घेतो.” रेकॉर्डिंगचं आणि आवाज साफ करायचं सॉफ्टवेअरही त्यांनी दरवर्षी रीतसर विकतच घेतलं.

माझी उमेदीची वर्षं फार चांगली गेली. बाबा बोलायचे, मी साठवायचो. पहिल्या डिस्कवर काम, दुसरीवर त्याची प्रत. एकच अडचण होती. माझ्या आत एक पहारेकरी असतो, अँटीव्हायरस. तो अधूनमधून उठून सगळं घर तपासतो. तो धावपळ करायला लागला की मला घाम फुटायचा, माझा एकुलता एक पंखा फिरायचा आणि बाबांचं वाक्य बिघडायचं. म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी बाबा त्याला झोपवत आणि काम संपलं की उठवत. दिवा घालवावा आणि लावावा, इतकं ते अंगवळणी पडलं होतं.

मग बाबांचा आवाज बसला. सर्दी असेल म्हणून गरम पाणी झालं, गुळण्या झाल्या. एक दिवस आई-बाबा तपासणीहून आले आणि चपला न काढता याच खोलीत येऊन बसले. गाद्यांच्या भिंतींमुळे इथलं बोलणं बाहेर जात नाही ना, म्हणून. घशात गाठ होती. ती नुसती काढून भागणार नव्हतं, स्वरयंत्रच काढावं लागणार होतं.

“जीव राहील ना?” आईने विचारलं. हॉस्पिटलात तिने हे नक्कीच विचारलं असणार. तरी तिने इथे पुन्हा विचारलं.

“राहील म्हणतायत,” बाबा म्हणाले. “धंदा जाईल.”

हॉस्पिटलमधल्या वाचा-उपचाराच्या ताईंनी एक वाट दाखवली. ऑपरेशनच्या आधी जमतील तितकी वाक्यं रेकॉर्ड करा. त्यांच्यावरून एक प्रोग्रॅम तयार होईल, तुम्ही टाइप कराल आणि तो तुमच्याच आवाजात बोलेल. बाबांनी घरी येऊन माइक पुसला. आयुष्यभर लोकांना थांबवणाऱ्या त्या माणसाकडे आता थांबायला वेळ नव्हता.

त्या दिवसांसारखे दिवस मी पाहिले नाहीत. ताईंची वाक्यं संपली की बाबा स्वतःची घालत. “भोंगा, ऊठ, शाळा आहे.” “अगं, माझा चष्मा पाहिलास का?” “आज भाजी छान झालीये.” आई दाराबाहेर उभी राहून ऐकत असे आणि तिच्या रडण्याचा आवाज माइकमध्ये येऊ नये म्हणून पदर तोंडात धरत असे.

भोंग्याने विचारलं, “आणि श्श? श्श पण घ्या ना.”

“ते नको,” बाबा म्हणाले. “त्याची आता गरज पडणार नाही.”

पण घसा खरखरत होता. प्रत्येक वाक्यात घरघर. ताई म्हणाल्या होत्या, कच्चं आहे तसंच पाठवा, चालेल. बाबांना चालेना. “कच्चा आवाज मी आजवर कुणाला दिलेला नाही.” आवाज साफ करायचं सॉफ्टवेअर उघडलं तर त्याची मुदत संपलेली. घरातला सगळा पैसा हॉस्पिटलकडे निघाला होता, नव्या परवान्याचं नाव कोण काढणार? फुकटात, अगदी कायदेशीर मिळणारं एक सॉफ्टवेअर होतं. बाबांनी ते उघडून पाहिलं, बटणं सापडेनात, बंद केलं. शिकायला वेळ नाही म्हणाले. तेव्हा त्यांच्या धंद्यातला एक जुना मित्र पेनड्राइव्ह घेऊन आला.

“अरे, यात आहे ना सगळं. कुलूप तोडलेलं आहे, परवाना-बिरवाना काही मागत नाही.”

“नको रे. मी कधी...”

“आजारी माणसाला कसलं पाप लागतंय? आणि कोणाला कळणार आहे?”

मित्र गेला. बाबा खूप वेळ तो पेनड्राइव्ह हातात फिरवत बसले. घरात कुणी नव्हतं. मग त्यांनी तो मला लावला. पडद्यावर सूचना आली, आधी अँटीव्हायरस बंद करा. दुसरा कुणी असता तर इथे दचकला असता. चोरानेच सांगावं की पहारेकऱ्याला झोपवा, मग मी आत येतो! पण बाबांच्या बोटांना त्याची सवय होती. त्यांनी पहारेकऱ्याला झोपवलं. या वेळी वाचायला परवाना आलाच नाही. ‘मी सहमत आहे’ कुणी विचारलंच नाही.

माझ्या आत कुणीतरी शिरलं. मित्रांनो, मला ते कळलं. ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं कशाने? माझा एक पंखा थोडा जोरात फिरला. बाबांनी माझ्या पाठीवर थोपटलं आणि म्हणाले, “गप, गप.”

तो पाहुणा, म्हणजे व्हायरस, लगेच काही करत नाही. दबा धरून बसतो. सॉफ्टवेअर छान चाललं, सगळी वाक्यं स्वच्छ झाली. ऑपरेशनसाठी निघताना बाबांनी मला शेवटच्या काही फाइली साफ करायला लावल्या आणि भोंग्याला सांगितलं, “हे झालं की सगळं एकदम ताईंना पाठव. तुझ्यावर सोपवतोय.” याच खोलीत ऐकलेलं त्यांचं ते शेवटचं वाक्य.

दुसऱ्या दिवशी ते ऑपरेशन थिएटरमध्ये असताना भोंगा माझ्यासमोर बसली. तिने पडदा चालू केला. फोल्डरवर बोट दाबलं. फोल्डर उघडलं, पण आतली एकही फाइल उघडेना. एकेका फाइलचं नाव बदलत गेलं, जणू कुणी घरातल्या फोटोंवर काळं फासत चाललंय. मग पडदा लाल झाला. तुमच्या सर्व फाइलींना कुलूप लावले आहे, किल्ली हवी असेल तर पैसे द्या. पहिल्या डिस्कला कुलूप. दुसरीलाही तेच कुलूप, कारण दुसरीही माझ्याच पोटात होती. ती बाहेर, वायर काढून टेबलावर ठेवलेली असती तर वाचली असती.

भोंग्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. भोंग्याच्या!

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला, मला उघडून पाहिलं, मान हलवली. पैसे देऊनही किल्ली मिळत नाही, असं त्याने बरेचदा पाहिलं होतं. कधीतरी अशा कुलपाची किल्ली कुणीतरी शोधतं, म्हणून डिस्क फेकू नका, एवढंच म्हणाला. आईने भोंग्याला एकच विचारलं, “तू काय दाबलंस गं?” ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरीने स्वतःच्या बोटाकडे पाहिलं आणि तेव्हापासून ते बोट तिला आपलं वाटेना.

बाबा घरी आले. गळ्याला छिद्र, त्यावर जाळीचं फडकं. हातात पाटी. त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी डोळे मिटले. पाटीवर लिहिलं, ‘जाऊ दे.’ एवढंच. पुढचं लिहिलं नाही. महिने गेले तरी लिहिलं नाही. आई समजत राहिली की पोरीने दाबलं. पोरही तेच समजत राहिली. ते घर असं शांत झालं, की माझ्यासारखे दहा कॉम्प्युटर त्याच्यापुढे गोंगाट करणारे ठरावेत. मोबाइलमध्ये बाबांच्या आवाजाचे काही तुकडे होते, पण त्यात भांडी होती, मिक्सर होता आणि सगळ्यात जास्त भोंगाच होती. आई कधीकधी फोन लावते, रांगेत थांबते आणि समोरून खरा माणूस बोलायला लागला की ठेवून देते.

आता आजची दुपार. भोंगा शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत पहिली आली होती. महिन्यांनंतर तिचा आवाज मोकळा झाला होता. मैत्रिणी घरी आल्या होत्या. तिने त्यांना माझी गोष्ट सांगितली, मीच काहीतरी दाबलं म्हणाली. त्यातली एक, जिचा भाऊ कॉम्प्युटर शिकतो, ती म्हणाली, “अगं वेडे, फोल्डर उघडून असं होत नाही. कुणीतरी काहीतरी चोरीचं टाकलं असणार. बाबांना विचार.”

“नको.”

“का? स्टेजवर तर म्हणालीस, मी कुणालाही काहीही विचारू शकते! लाव पैज!”

दुसरीने आणखी एक शक्कल काढली. “आणि आवाजाचं काय एवढं? फोन लाव, रांगेत थांब, रेकॉर्ड करत बस. लिफ्टमध्ये पण जा. फुकटात आवाज तयार! कोणाला कळणार आहे?”

त्या तीन शब्दांनी मी आतून गार पडलो. तेच शब्द, तसेच हसून म्हटलेले.

मैत्रिणी गेल्या आणि तिने विचारलं. विकतचं की चोरीचं?

बाबांनी पाटी उचलली. मग लिहिलं, ‘चोरीचं. मीच टाकलं.’ पुसलं. पुन्हा लिहिलं, ‘तुझं बोट नव्हतं.’

आई दारातच खाली बसली. “अहो,” ती म्हणाली, “इतके दिवस? पोर जेवत नव्हती नीट. मी तिला... अहो, तुम्हाला लिहिता येत होतं!”

बाबांना रडताना आवाज येत नाही. फक्त गळ्यावरचं फडकं आतबाहेर होतं. भोंगा त्यांच्या जवळ गेली नाही. आईच्याही नाही. ती खाली, माझ्याजवळ बसली आणि माझ्या थंड पत्र्याला पाठ टेकली. तिची पाठ थरथरत होती. ती थरथर कुठल्याही माइकमध्ये आली असती.

मित्रांनो, मला आता फार काम उरलेलं नाही. मला विकून टाकायचं आई कधीपासून म्हणते. जाण्याआधी तुमच्याकडे थोडं मागणं आहे. दुसरी प्रत ठेवाल तर माझ्या पोटाबाहेर ठेवा, भले ती कुरकुरो, आणि काम झालं की तिची वायर काढा. ज्याला आत यायला पहारेकरी झोपलेला लागतो, त्याला दारातूनच परत पाठवा. कुणीतरी मन लावून बनवलेली वस्तू रीतसर विकत घ्या, नाही परवडली तर फुकट पण सरळ मार्गाने मिळणारी शोधा, आणि ती शिकायला लागणाऱ्या वेळाचा कंटाळा करू नका. आणि घरात कुणी काही बिघडवलं असेल तर ते त्याच दिवशी बोला. गप्प बसणं हे माझं काम आहे, तुमचं नाही.

बऱ्याच वेळाने भोंगा उठली. काहीतरी बोलली, पण इतकं हळू, की मलाही नीट ऐकू आलं नाही. या खोलीत हळूच बोलायचं, ही जन्माची सवय.

बाबांनी पाटीवर एक शब्द लिहून तिच्यासमोर धरला. ‘मोठ्याने.’

तिने डोळे पुसले. मग स्पर्धेत उभी राहिली असेल तशी, पाय रोवून उभी राहिली.

“मी ठरवलंय. याला विकायचं नाही, आणि त्या कुलूपवाल्या डिस्क पण ठेवायच्या. बाबा, मी तुमच्यावर रागावलेय, खूप दिवस राहणार आहे. पण जिथे जिथे तुमचा आवाज आहे ना, त्या प्रत्येक कंपनीत मी जाणार आहे. चोरून रेकॉर्ड नाही करणार. आवाज त्यांनी विकत घेतलाय, तर मी समोर उभी राहून ती रेकॉर्डिंग ताईंच्या प्रोग्रॅमसाठी मागणार. नाही म्हणाले तर दुसरीकडे जाणार. सगळे नाही म्हणाले तर रिकाम्या हाताने परत येईन आणि तसं तुम्हाला तोंडावर सांगेन. पण मागणार. आई, उद्या शाळा सुटल्यावर मला उशीर होईल.”